जुन्या ड्रिलच्या पोटात दडलंय काय काय!

पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी सकाळी ताडपत्रीवर जे जे मांडलेलं असतं, त्यात एखादं तरी ड्रिल मशीन असतंच. माझ्या हाती लागलं ते पूर्ण धातूच्या अंगाचं होतं. रंग उडालेला, वायर तुटलेली. बिट पकडणारा चक हातानं फिरवून पाहिला. किंचित कुरकुरला, पण फिरला. कानाशी धरून हलवलं. आत काही खुळखुळलं नाही. मग नाकाशी धरलं. जळका वास नव्हता. हात, कान आणि नाक या तिघांनी होकार दिला की जुनं ड्रिल खुशाल घ्यावं.

घरी आणून जुन्या चादरीवर ते उघडलं आणि पुढचे चार रविवार त्यातच गेले. एकेक स्क्रू निघत गेला तसतशी एकेक गोष्ट बाहेर पडत गेली. जुनी यंत्रं स्क्रूंनी मिटवलेली असतात, म्हणजे पुन्हा उघडायची सोय ठेवूनच ती बनवलेली असतात. ते आमंत्रण स्वीकारलं की काय काय सापडतं, ते पाहा!

१. ड्रिलचं जुनं गिऱ्हाईक : दाढ

भोक पाडायचा उद्योग विजेच्या कितीतरी आधीचा आहे. बलुचिस्तानातल्या मेहरगढला उत्खननात नऊ माणसांच्या मिळून अकरा दाढा अशा सापडल्या, ज्यांना गारगोटीच्या टोकानं भोकं पाडलेली होती. त्या सुमारे ७,५०० ते ९,००० वर्षांपूर्वीच्या. दोरीनं किंवा धनुकलीनं काठी गरागरा फिरवायची, ही त्यामागची युक्ती असावी. आपल्याकडच्या सुतारांचा दोरीवर फिरणारा सामता त्याच घराण्यातला. हातानं पिळायचं गिरमिट त्याचं चुलत भावंड. विजेचं ड्रिल हे या घरातलं शेंडेफळ!

२. जन्म कोळशाच्या खाणीसाठी

विजेवर चालणाऱ्या ड्रिलचं पहिलं पेटंट १८८९ सालचं, ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नचं. आर्थर अर्नॉट आणि विल्यम ब्रेन या दोघांना खडक आणि कोळसा फोडायचा होता. हातात उचलून नेता येईल असं ड्रिल १८९५मध्ये जर्मनीतल्या स्टुटगार्टला फाइन कंपनीनं बनवलं.

३. पिस्तुलाची मूठ

ड्रिल हातात घेतलं की तर्जनी आपोआप खटक्यावर जाते. हा योगायोग नाही. अमेरिकेत बाल्टिमोरला ब्लॅक आणि डेकर या दोन मित्रांनी १९१०मध्ये कारखाना काढला. भांडवलासाठी ब्लॅकनं आपली मोटारगाडी ६०० डॉलरला विकली. ड्रिलला मूठ कशी द्यावी याचं उत्तर त्यांना कोल्ट पिस्तुलात मिळालं. १९१७मध्ये त्याचं पेटंट मिळालं आणि आजही जगभरची ड्रिलं त्याच मुठीनं धरली जातात.

ते घरात कसं शिरलं, हेही ऐकण्यासारखं आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कारखान्यांतली ड्रिलं गायब होऊ लागली. कामगार ती घरची डागडुजी करायला नेत होते! घरालाही ड्रिल हवंय, हे कंपनीनं ओळखलं आणि १९४६मध्ये खास घरगुती, स्वस्त ड्रिल बाजारात आणलं.

४. ब्रश म्हणतात, पण केस कुठे?

प्लग काढून ठेवायचा. ही अट पुढच्या प्रत्येक कामाला लागू. मग ड्रिलच्या दोन्ही बाजूंना रुपयाएवढी काळी टोपणं असतात, ती फिरवून काढायची. आतून स्प्रिंग लावलेला काळा चौकोनी तुकडा उडी मारून बाहेर येतो. हा कार्बन. कंपनीच्या पुस्तिकेत याचं नाव कार्बन ब्रश. मोटरच्या फिरत्या गाभ्याला, म्हणजे आर्मेचरला, वीज पोहोचवायचं काम याचं.

केस नसताना ब्रश का? कारण सुरुवातीला तिथं खरोखरच तांब्याच्या तारांचा झुपका असायचा. तो ठिणग्या उडवायचा आणि ज्यावर घासायचा त्यालाच खाऊन टाकायचा. १८८५मध्ये जॉर्ज फोर्ब्स या स्कॉटिश प्राध्यापकानं तांब्याऐवजी कार्बन वापरण्याचं पेटंट घेतलं. कार्बन स्वतः झिजतो आणि महागड्या तांब्याला वाचवतो. त्यातलं ग्रॅफाइट म्हणजे आपल्या शिसपेन्सिलीतलंच. तारांचा झुपका गेला, नाव मात्र राहिलं.

माझ्या ड्रिलचे कार्बन झिजून चण्याच्या डाळीएवढे उरले होते. ते घेऊन रविवार पेठेत बोहरी आळीत गेलो. दुकानदारानं जुना तुकडा चिमटीत धरून पाहिला. “काका, या मापाचा आता येत नाही. हा एक सूत मोठा आहे, घासून बसवा.” घरी येऊन काचपेपर टेबलावर सपाट पसरला, त्यावर कार्बन हलक्या हातानं पुढं-मागं घासला आणि दर दहा-बारा घाशांनंतर खोबणीत घालून पाहिला. स्प्रिंगच्या जोरावर तो अडखळता न राहता सरकला पाहिजे; पण डुगडुगताही कामा नये. बोटं काळी झाली, पण खोबणीत तो ‘टक्‌’ करून बसला, तेव्हाचा आनंद काही वेगळाच!

लक्षात ठेवायचं एवढंच : दोन्ही कार्बन एकदमच बदलायचे आणि नंतर पाच मिनिटं ड्रिल नुसतंच फिरवायचं, म्हणजे कार्बनच्या तोंडाला आर्मेचरची गोलाई येते.

५. कार्बनलाही तहान लागते

दुसऱ्या महायुद्धात खूप उंचावरून उडणाऱ्या विमानांच्या जनरेटरमधले कार्बन काही तासांतच भुगा होऊ लागले. जमिनीवर तेच कार्बन कितीतरी टिकायचे. शोध घेतल्यावर कारण निघालं ते कोरडी हवा! ग्रॅफाइट गुळगुळीत राहतं ते हवेतल्या बाष्पामुळे. बाष्प संपलं की तेच ग्रॅफाइट खरखरीत होऊन झिजतं. म्हणजे कोकणातल्या दमट हवेत कार्बन खूश. मोटरमधली तारांची गुंडाळी, म्हणजे वाइंडिंग, मात्र नाखूश. तिला कोरडेपणाच हवा. एकाच यंत्राच्या पोटात अशा दोन आवडीनिवडी.

६. चॉकलेटी रंग पुसू नका

कार्बन जिथं टेकतो तो आर्मेचरवरचा तांब्याच्या पट्ट्यांचा गोल म्हणजे कॉम्युटेटर. जुनं ड्रिल उघडल्यावर तो तपकिरी दिसतो आणि घासून लखलखीत करायला हात शिवशिवतात. आवरा! एकसारखा चॉकलेटी रंग ही तब्येत उत्तम असल्याची खूण आहे. तांब्यावर ऑक्साइड आणि कार्बन यांचा तो पातळ थर कार्बनला घसरायला मदत करतो. काळे जळके डाग, खड्डे किंवा गोलभर फिरणारी ठिणग्यांची कडी दिसली, तर मात्र दुखणं आहे.

डाग काढायचेच असतील तर बारीक काचपेपर वापरतात, काळा एमरी पेपर नाही. एमरीचे कण वीज वाहून नेऊ शकतात आणि पट्ट्यांमधल्या फटीत अडकले तर शेजारच्या दोन पट्ट्या जोडून टाकतात. घासून झाल्यावर त्या फटी दात कोरायच्या काडीनं साफ करायच्या. काडी लाकडाची, सुई नको.

७. आर्मेचरमध्ये लाक्षागृह

पांडवांना जाळण्यासाठी लाखेचं घर बांधलं, ही गोष्ट लहानपणी सगळ्यांनी ऐकलेली. तीच लाख जुन्या काळच्या मोटारींत वाइंडिंगच्या तारांवर व्हार्निश म्हणून चढायची. कॉम्युटेटरच्या पट्ट्यांमध्ये अभ्रकाचे पापुद्रे लाखेनंच चिकटवलेले असायचे. किड्यांनी झाडावर बनवलेला हा पदार्थ जगाच्या वीज उद्योगाला पुरेनासा झाला. लाखेला पर्याय शोधता शोधता लिओ बेकलंड या रसायनशास्त्रज्ञाला १९०७मध्ये बेकलाइट सापडलं. जुने काळे स्विच, प्लग आणि होल्डर आठवतात? ते हेच.

वाइंडिंगबद्दलचा एक ढोबळ नियम प्रत्येक ड्रिलवाल्यानं पाठ करावा : तापमान १० अंशांनी वाढलं की इन्सुलेशनचं आयुष्य निम्मं होतं. ड्रिलचा पंखा आर्मेचरच्याच दांड्यावर असतो. जड कामात वेग मंदावतो तसा पंखाही मंदावतो, म्हणजे गरज सर्वांत जास्त तेव्हा वारा सर्वांत कमी. म्हणून जड भोक पाडून झालं की लगेच बंद करू नये. अर्धा-एक मिनिट मोकळं फिरू द्यावं. ड्रिल स्वतःच स्वतःला वारा घालतं.

८. झरोक्यात बिऱ्हाड

तो वारा आत शिरतो झरोक्यांतून. माझ्या ड्रिलचे दोन झरोके मातीनं लिंपलेले होते. कुंभारीण माशीनं तिथं घर बांधलं होतं! अडगळीत पडलेल्या यंत्रांचे झरोके आणि प्लगची भोकं तिला फार आवडतात. जुनं ड्रिल विजेला लावण्याआधी मऊ ब्रशनं झरोके मोकळे करायचे, हे पहिलं काम.

९. ग्रीस म्हणजे साबणच

खरंच! ग्रीसमध्ये तेल असतं आणि ते धरून ठेवायला साबणाची जाळी असते. स्पंजात पाणी राहावं तसं त्यात तेल राहतं आणि दाब पडला की पाझरतं. आज गिअरसाठी सर्रास वापरलं जाणारं ग्रीस लिथियमच्या साबणाचं. जुन्या ड्रिलच्या गिअरबॉक्समध्ये मेणासारखा पिवळा-काळा थर निघतो, तो म्हणजे तेल उडून गेल्यावर मागं उरलेला साबण.

तो खरवडून काढावा, गिअर रॉकेलमध्ये धुवावेत, पुसून वाळवावेत आणि नवं ग्रीस दातांना नीट माखावं. गिअरबॉक्स गळ्यापर्यंत भरायचा मोह टाळावा. जास्त ग्रीस घुसळलं जाऊन तापतं आणि वाट फुटेल तिथून वाइंडिंगकडे सरकतं. निम्मी जागा मोकळी ठेवली की काम फत्ते.

१०. ६०८ची गुप्त भाषा

बेअरिंगच्या कडेवर कोरलेला आकडा वाचता आला की दुकानात बोट दाखवावं लागत नाही. ६०८ म्हणजे आतलं भोक ८ मिलिमीटर, बाहेरचा व्यास २२, जाडी ७. तीन आकडी नंबरात शेवटचा आकडा म्हणजे थेट भोकाचं माप. चार आकडी नंबरात शेवटचे दोन पाहायचे : ०० म्हणजे १० मिलिमीटर, ०१ म्हणजे १२, ०२ म्हणजे १५, ०३ म्हणजे १७. पुढं ०४पासून सरळ पाचानं गुणायचं. मागं ‘झेडझेड’ असेल तर दोन्ही बाजूंना पत्र्याची झाकणं, ‘२आरएस’ असेल तर रबराची.

मुलांच्या हातात गरगरणाऱ्या फिजेट स्पिनरच्या मधोमध काय असतं? तेच ६०८!

११. एका आटेखिळ्याचा चकवा

ड्रिलचा चक निघत नाही म्हणून हताश झालेली माणसं मी पाहिली आहेत. युक्ती साधी आहे. उलटसुलट दोन्ही दिशांना फिरणाऱ्या ड्रिलमध्ये चकचे जबडे पूर्ण उघडून आत पाहायचं. तळाशी एक स्क्रू दिसतो. त्याचे आटे उलटे असतात, सायकलच्या डाव्या पायडलसारखे! म्हणजे तो सोडवायला घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं फिरवायचा. आपण सवयीनं फिरवतो आणि तो आणखी घट्ट होतो. हा स्क्रू निघाला की चक मात्र नेहमीच्या, सरळ आट्यांचा. त्यात मोठी ॲलन की पकडून तिच्यावर हातोडीनं अलगद टिचकी दिली की तो सुटतो. माझं ड्रिल एकाच दिशेनं फिरणारं. त्यात हा स्क्रू नव्हताच.

चावीनं घट्ट होणाऱ्या या चकचं पेटंट आर्थर जेकब्सचं, १९०२चं. जुना चक पान्यानं आवळताना त्याची बोटं सोलवटली आणि त्यातून दात्यांच्या चावीची कल्पना निघाली. चावी हरवू नये म्हणून वायरला बांधतात; ती प्लगच्या जवळ बांधावी. म्हणजे चावी वापरायला प्लग काढावाच लागतो.

१२. पिवळ्या बल्बचा पहारा

दुरुस्त केलेलं ड्रिल थेट भिंतीच्या प्लगमध्ये घालायचं नाही. आधी सिरीज बल्ब! शंभर-दोनशे वॉटचा जुना पिवळा, तारेचा बल्ब ड्रिलच्या वाटेत एकापाठोपाठ जोडलेला असतो. वीज आधी बल्बमधून जाते, मग ड्रिलमध्ये. आता नुसतं पाहायचं. बल्ब भगभगून पेटला आणि ड्रिल ढिम्म राहिलं, तर आत शॉर्ट आहे. बल्ब पेटलाच नाही, तर वाट कुठंतरी तुटली आहे : वायर, स्विच किंवा कार्बन. बल्ब काहीसा मंद पेटला आणि ड्रिल सावकाश फिरू लागलं, तर खुशाल पुढं जा. शॉर्ट असलं तरी फ्यूज उडत नाही की धूर निघत नाही, कारण सगळा ताण बल्ब सोसतो. एलईडी बल्बला हे जमत नाही. म्हणून प्रत्येक वाइंडिंगवाल्याच्या टेबलावर पिवळा बल्ब अजून मानानं लटकतो आहे.

शॉर्ट नाही म्हणून शॉक नाही, असं मात्र समजू नये. वीज अंगावर, म्हणजे ड्रिलच्या धातूवर, उतरते का हे मेगर नावाच्या इन्सुलेशन तपासायच्या यंत्रानं पाहतात. मी माझं ड्रिल त्यासाठी वाइंडिंगच्या दुकानात नेलं. “दादा, आर्मेचर ठणठणीत आहे. अर्थिंगची वायर मात्र नवी टाका,” असा निकाल मिळाला. मेगर हे मुळात १९०३पासूनचं एका कंपनीचं नोंदवलेलं नाव. आता ते सगळ्या जातीचंच नाव होऊन बसलंय.

१३. तिसरी पिन लांब का?

कारण ती आधी आत जावी आणि शेवटी बाहेर यावी. अर्थिंगचं संरक्षण वीज येण्याआधी मिळतं आणि वीज गेल्यावरच सुटतं. जाडही असते, म्हणजे ती चुकीच्या भोकात शिरत नाही. आपल्या गोल पिनांचं मूळ १९३४च्या ब्रिटिश मानकात आहे. ब्रिटिश स्वतः १९४७नंतर चौकोनी पिनांकडे वळले. आपल्या भिंतींवर गोल पिना अजून राज्य करतात.

धातूच्या अंगाच्या ड्रिलला तीन पिनांचा प्लग आणि घरात खरंखुरं अर्थिंग हवंच. त्यात तडजोड नाही. प्लॅस्टिकच्या ड्रिलवर चौकोनात चौकोन अशी खूण असेल तर ते दुहेरी इन्सुलेशनचं असतं, त्याला दोन पिना पुरतात. जुन्या वायरचे रंगही ओळखून ठेवा : पूर्वी लाल फेज, काळी न्यूट्रल, हिरवी अर्थ. नव्या वायरीत तपकिरी फेज, निळी न्यूट्रल आणि हिरवी-पिवळी अर्थ.

१४. रेडिओसाठी बसवलेली गोळी

स्विचजवळ दोन तारांची एक छोटी गोळी किंवा डबी दिसते. ती काढली तरी ड्रिल फिरतं! मग ती कशाला? कार्बनच्या ठिणग्यांमुळे रेडिओत खरखर होते, ती शोषून घ्यायला हा कपॅसिटर असतो. शेजाऱ्यांच्या कानांची काळजी कारखान्यातूनच घेतलेली!

झटपट फोडणी

- ड्रिलमधली मोटर घरगुती बॅटरीसारख्या एकदिश विजेवरही फिरते आणि भिंतीतल्या उलटसुलट विजेवरही. म्हणून तिचं नाव युनिव्हर्सल मोटर. मिक्सरमध्येही हिचीच बहीण असते.

- घरचा परदेशी मिक्सर बिघडला आणि दुरुस्तीची सोय नव्हती, म्हणून मुंबईतले इंजिनिअर सत्यप्रकाश माथुर स्वतः कामाला लागले. त्यातून १९६०च्या दशकात ‘सुमीत’ मिक्सर जन्माला आला.

- ड्रिल चालताना येणारा तो विशिष्ट वास ओझोनचा. ओझोन या नावाचं मूळच वास येणं या अर्थाच्या ग्रीक शब्दात आहे.

- ‘डब्ल्यूडी-४०’मधले ४० म्हणजे चाळिसावा प्रयत्न! १९५३मध्ये सॅन दिएगोत हा फवारा बनला तो पाणी हटवायला, गंज रोखायला. गिअरच्या ग्रीसची जागा तो घेऊ शकत नाही.

- जिगसॉचा जन्म शिलाई मशीनवर. १९४६मध्ये स्वित्झर्लंडच्या आल्बर्ट काउफमननं सुईच्या जागी करवतीचं पातं लावलं.

- जर्मनीत अँगल ग्राइंडरला लोक ‘फ्लेक्स’ म्हणतात. १९५४मध्ये तो ज्या कंपनीनं आणला, तिचं हे नाव.

- जपानची माकिता कंपनी १९१५मध्ये नागोयात सुरू झाली, ती विजेच्या मोटारी विकायला आणि दुरुस्त करायला!

- साध्या ड्रिल बिटच्या टोकाचा कोन ११८ अंश. धार लावताना तो जपला की जुनं बिटही लोण्यात शिरल्यासारखं शिरतं.

- महाराष्ट्राचा यात मोठा हात. मुलुंडच्या रॅलीवुल्फची जाडजूड ड्रिलं जुन्या वर्कशॉपांत ओळखीची आहेत, तर कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळमध्ये कुलकर्णी पॉवर टूल्स म्हणजेच केपीटी उभी राहिली.

१५. चंद्रावरही बिट अडकलं

भिंतीत बिट अडकलं की आपण वैतागतो. १९७१मध्ये अपोलो १५च्या डेव्हिड स्कॉटनं चंद्रावर बॅटरीच्या ड्रिलनं जवळजवळ अडीच मीटर खोल नमुन्याची नळी उतरवली आणि ती निघता निघेना. दुसऱ्या दिवशी स्कॉट आणि त्याचा सहकारी आयर्विन या दोघांनी मिळून, खांदे लावून ती उपसली. बॅटरीचं ड्रिल अंतराळासाठीच शोधलं गेलं, असं मात्र नाही. ते १९६१मध्येच पृथ्वीवर विकायला आलं होतं.

आणि देखभालीचा मुहूर्त?

तो आपल्याकडे आधीच ठरलेला आहे : खंडेनवमी. पावसाळ्याचे चार महिने उलटलेले असतात. ओल वाइंडिंगमध्ये शिरलेली असते, चकच्या जबड्यांवर गंजाची पूड धरलेली असते, झरोक्यांत कुणीतरी बिऱ्हाड केलेलं असतं. झेंडूचं फूल वाहण्याआधी हत्यार स्वच्छ करण्याची आपली रीत यंत्राच्या तब्येतीला नेमकी वेळेवर येते. झरोके साफ करायचे, कार्बनची लांबी पाहायची, वायर मुठीजवळ वाकवून भेगा तपासायच्या, चकमध्ये दोन थेंब तेल सोडायचं. ओल वाटली तर उघडलेलं ड्रिल दिवसभर पेटत्या पिवळ्या बल्बशेजारी ठेवायचं.

जुने घड्याळजी घड्याळ दुरुस्त केलं की झाकणाच्या आत बारीक अक्षरांत आपली खूण कोरून ठेवायचे. माझ्या ड्रिलचं गिअरचं झाकण पुसताना आतल्या बाजूला कुणीतरी टोच्यानं ओरखडलेली एक तारीख दिसली. नाव नाही, फक्त दिवस आणि महिना. ज्यानं ते माझ्याआधी उघडलं होतं, त्यानं गिअर नीट बसवले होते, एकही स्क्रू कमी ठेवला नव्हता. त्याच्या जिवावर ते माझ्यापर्यंत चालत आलं. मी त्या तारखेखाली माझी तारीख कोरली, थोडी जागा खाली सोडली आणि झाकण बंद केलं.